आईला घेऊन कुमानोच्या डोंगरांत

जपानच्या कीई द्वीपकल्पातल्या डोंगरांत फिरायचं तर गाडी स्वतः चालवावी, आणि मिळेल तेवढी छोटी घ्यावी. ओसाका आणि नाराच्या दक्षिणेला पॅसिफिकमध्ये शिरलेला हा भाग जवळजवळ सगळा डोंगरच आहे. रेल्वे मुख्यतः किनाऱ्याकिनाऱ्यानं जाते. आत कोयासान, कुमानो, तोत्सुकावा या बाजूंना बस आहेत, पण मोजक्याच. इथली देवळं आणि त्यांना जोडणाऱ्या जुन्या पायवाटा 2004 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या, तेव्हापासून जगभरातून लोक इथे चालायला येतात. आमच्याबरोबर आई होती. तिनं पंढरीची वारी अनेकदा केली आहे, पण आता तिचे गुडघे चढाला साथ देत नाहीत. म्हणून ठरवलं, डोंगर गाडीनं ओलांडायचे आणि प्रत्येक ठिकाणी जुन्या वाटेचा जमेल तेवढा तुकडा पायी चालायचा. मी, नवरा आणि आई, असे तिघं नोव्हेंबरात निघालो.

परवान्याचं काम सरळ होतं. 1949 च्या जिनिव्हा रस्ते वाहतूक करारात भारतही आहे आणि जपानही, त्यामुळे आपल्या आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना तिथे चालतो. अर्ज, पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती, हजार रुपये शुल्क. पुस्तिका जास्तीत जास्त वर्षभर चालते. गाडी चालवताना ती पुस्तिका, आपलं मूळ लायसन्स आणि पासपोर्ट तिन्ही जवळ ठेवायचे. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, त्यामुळे हाताला वेगळं वळण लावावं लागत नाही. आम्ही कान्साई विमानतळावर पिवळ्या नंबरप्लेटची केई गाडी घेतली. इंजिन 660 सीसीचं, रुंदी 1.48 मीटरच्या आत. तिघांचं सामान बसवताना जरा कसरत झाली. पण पुढे डोंगरात समोरून लाकडाचा ट्रक आला आणि एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला नदी असा प्रसंग आला, तेव्हा त्या अरुंदपणाची किंमत कळली.

पेट्रोलबद्दल दोन गोष्टी सांगते. पंपावर लाल नळी साध्या पेट्रोलची, पिवळी जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलची आणि हिरवी डिझेलची. आणि डोंगरातले पंप संध्याकाळी लवकर बंद होतात, काही रविवारी उघडतच नाहीत. अर्धी टाकी झाली की भरून घ्यायची, हा नियम आम्ही शेवटपर्यंत पाळला.

कोयासानचा घाट चढण्याआधी पायथ्याच्या कुदोयामा गावात थांबलो, जिसोन-इन नावाच्या मंदिरात. कोयासानचा मठ कूकाई या भिक्षूनं 816 मध्ये स्थापला. जपान त्याला कोबो दाईशी म्हणून ओळखतो. कथा अशी की त्याची म्हातारी आई मुलाचा मठ बघायला दूर शिकोकूहून आली, पण डोंगरावर बाईमाणसाला प्रवेश नव्हता. ती खाली इथेच राहिली, आणि तिला भेटायला तो महिन्यातून नऊ वेळा डोंगर उतरून यायचा. मंदिरापासून वरच्या मुख्य आवारापर्यंत बावीस-तेवीस किलोमीटरची पायवाट जाते आणि तिच्यावर दर 109 मीटरला एक दगडी खांब आहे, असे एकूण 180. जिसोन-इनमध्ये बायका बाळंतपण सुखरूप व्हावं, दूध यावं म्हणून कापडाचे छोटे स्तन लावलेल्या पाट्या वाहतात. आई त्या पाट्यांसमोर बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "म्हणजे एवढा मोठा झाला, पण आईला वर नेता आलं नाही त्याला." कूकाईची थोरवी मला मान्य आहे, तरी त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वर गेल्यावर गावाच्या वेशीवर न्योनिन्दो दिसतो, म्हणजे बायकांसाठी बांधलेली धर्मशाळावजा इमारत. कोयासानला येणाऱ्या सात वाटांवर अशा सात होत्या, आता ही एकच उरली आहे. बायका इथपर्यंत येत, आणि मग डोंगराच्या कडेकडेनं शिखरांवरून फिरत वरूनच मठाचं दर्शन घेत. सरकारनं अशी बंदी 1872 मध्ये उठवली, तरी कोयासानवर ती प्रत्यक्षात मोडायला पुढे कित्येक वर्षं गेली. आम्ही न्योनिन्दोच्या पायरीवर बसून पाणी प्यायलो आणि गाडीत बसून आत गेलो. आज ही गोष्ट इतकी सहज आहे, म्हणूनच इथे थांबावं असं मला वाटतं. बहुतेक गाड्या न थांबता पुढे जातात.

कोयासानवर मुक्काम शुकुबोत केला, म्हणजे मंदिरातच. अशी पन्नासेक मंदिरं पाहुणे ठेवतात. जेवण साडेपाच-सहालाच मिळतं, आणि नोव्हेंबरात सूर्य पाचच्या आत मावळतो, त्यामुळे दिवसाचा हिशेब संध्याकाळकडून सकाळकडे मांडावा लागतो. शाकाहारी माणसाला जपानमध्ये सगळ्यात जास्त अडवते ती दाशी, वाळवलेल्या माशाचं पाणी. सूप, भाजी, नूडल्स, सगळीकडे ती असते. मंदिरातलं शोजिन जेवण मात्र पूर्ण शाकाहारी, त्यात कांदा-लसूणही नाही. चवीला समुद्री शेवाळ आणि वाळवलेली अळंबी. तिळाचं टोफू आणि गोठवून सुकवलेलं कोया टोफू आईनं मागून घेऊन खाल्लं. एरवी तिच्या पिशवीत मेतकूट होतंच. गरम भात कुठेही मिळतो, त्यामुळे जेवणाची अडचण अशी आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे ओकुनोइनला गेलो. दोन किलोमीटरची वाट, दोन्ही बाजूंना शेकडो वर्षांचे सुगी, म्हणजे जपानी देवदार, वृक्ष आणि दोन लाखांहून अधिक थडगी. सोळाव्या शतकातला सेनानी ओदा नोबुनागा आणि त्याला दगा देणारा आकेची मित्सुहिदे, दोघांचीही स्मारकं याच रानात आहेत. पुष्कळ थडगी पाच दगडांची: खाली चौकोन, त्यावर गोल, त्रिकोण, अर्धगोल आणि टोकाला रत्नासारखा आकार. ही पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. प्रत्येक दगडावर सिद्धम् लिपीतलं एकेक बीजाक्षर कोरलेलं. कूकाई 804 मध्ये चीनला गेला, तिथे चांगआनमध्ये प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूकडे संस्कृत शिकला आणि ही अक्षरं घेऊन परतला. वाटेच्या शेवटी त्याची समाधी आहे. तो 835 मध्ये गेला असं इथले भिक्षू मानत नाहीत. तो आत ध्यानात बसला आहे अशी श्रद्धा आहे, आणि रोज सकाळी सहाला आणि साडेदहाला त्याच्यासाठी जेवण नेलं जातं. आम्ही सहाचं ताट जाताना पाहिलं. आईला काही समजावून सांगावं लागलं नाही. ती आळंदीला जाणारी बाई आहे, संजीवन समाधी म्हणजे काय हे तिला माहीत आहे.

कोयासानहून दक्षिणेला कोया-र्‍युजिन स्कायलाइन हा रस्ता निघतो. सुमारे 43 किलोमीटर, सगळा डोंगराच्या धारेवरून. पूर्वी टोल होता, आता नाही. गोमादान पर्वताजवळ, साधारण 1300 मीटर उंचीवर, पुढे एकामागे एक निळ्या रांगा दिसतात आणि मधे गाव म्हणून काही दिसत नाही. मेपल खालच्या उतारांवर लाल झाले होते, वर पानं गळून गेली होती. हिवाळ्यात या रस्त्यावर बर्फ असतो, तेव्हा साध्या टायरनं येऊ नये. र्‍युजिनला उतरलो आणि मग छोट्या रस्त्यांनी 311 क्रमांकाच्या महामार्गाला लागलो. हे छोटे रस्ते नकाशावर नीट दिसतात, प्रत्यक्षात एका गाडीपुरतेच असतात. प्रत्येक वळणावर बहिर्गोल आरसा लावलेला असतो आणि तो बघायची सवय पहिल्या तासातच करून घ्यावी. समोरची गाडी दिसली की ज्याच्या मागे रुंद जागा जवळ, तो मागे जातो. कुणी हॉर्न वाजवत नाही. हात वर करून किंवा मान लववून आभार मानले जातात. साठ किलोमीटरला दोन तास लागतात, आणि ते लागू द्यावेत.

युनोमिने हे ओढ्याच्या दोन काठांवर वसलेलं गरम पाण्याच्या झऱ्यांचं छोटं गाव आहे. ओढ्यातच एका खडकाच्या खळग्यावर लाकडी खोपटं बांधलंय, ते त्सुबोयु. जागतिक वारसा यादीतलं, पण अंघोळ करता येणारं स्नानकुंड. नंबर घेऊन थांबायचं, आपला नंबर आला की अर्धा तास ते फक्त आपलं. सार्वजनिक स्नानगृहात उतरायला आई संकोचली असती. इथे आम्ही दोघीच होतो. पाणी इतकं गरम की आधी थंड पाणी सोडावं लागतं. याच पाण्यानं ओगुरी हांगान नावाचा योद्धा बरा झाला अशी कथा आहे. विषानं शरीर गळून गेलेल्या त्याला एका गाड्यावर घातलं होतं, आणि वाटेतले अनोळखी लोक पुण्य लागतं म्हणून तो गाडा थोडा थोडा ओढत कुमानोपर्यंत घेऊन आले. ओढ्याच्या काठी उकळत्या झऱ्याचं एक चौकोनी कुंड आहे, पाणी नव्वद अंशांच्या आसपास. लोक त्यात जाळीच्या पिशवीत अंडी सोडतात. त्या दिवशी कार्तिकी एकादशी होती. आम्ही गावातून रताळी घेतली आणि तीच उकडली. आईचा उपास असा झाला.

कुमानोची मुख्य देवस्थानं तीन: होंगू, शिंगूचं हायातामा आणि नाची. होंगूला पोचायची खरी रीत चालत. आम्ही गाडी होंगूला लावली, बसनं डोंगरावर होश्शिनमोन-ओजीपर्यंत गेलो आणि तिथून साधारण सात किलोमीटर खाली चालत आलो. वाट जवळजवळ सगळी उताराची, चहाचे मळे, छोटी भातखाचरं, मग सुगीचं रान. आईला घेऊन चालायला यापेक्षा चांगला तुकडा नाही. वाटेवर ओजी नावाची उपदैवतं लागतात आणि प्रत्येकाजवळ लाकडी पेटीत शिक्का ठेवलेला असतो. तो वहीत उमटवायचा.

या वाटेवर फुशिओगामी-ओजी आहे. आठवडेच्या आठवडे चालून आलेल्या यात्रेकरूंना इथून पहिल्यांदा खाली होंगू दिसायचं आणि ते जमिनीला डोकं टेकायचे. सुमारे हजार वर्षांपूर्वी इझुमी शिकिबू ही क्योतोची मोठी कवयित्री इथवर आली आणि इथेच तिला पाळी आली, अशी कथा आहे. देऊळ समोर दिसतंय आणि जाता येणार नाही, म्हणून तिनं दुःखाचे दोन शब्द रचले. रात्री कुमानोचा देव स्वप्नात आला आणि त्यानं उत्तर दिलं: मी तर मुळातच या जगाच्या धुळीत मिसळलेला देव आहे, तुझ्या पाळीची मला कसली अडचण? दुसऱ्या दिवशी ती देवळात गेली. तिच्या नावाचा छोटा दगडी स्तंभ तिथे उभा आहे.

नवऱ्यानं फलक वाचून ही गोष्ट सांगितली, तेव्हा आई स्तंभाजवळच्या बाकावर बसली. तिच्या माहेरी मुलींना चार दिवस मागच्या पडवीत बसवायचे. ताट वेगळं, अंथरूण वेगळं. एकदा ऐन वारीत तिला पाळी आली आणि बरोबरच्या म्हाताऱ्या बाईनं "चाल गं, विठोबाला काय त्याचं" म्हणून तिचा हात धरला, ते तिनं मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. मी चाळिशी ओलांडली आहे आणि ही गोष्ट मला माहीत नव्हती. कुमानो सगळ्यांना घेतं, असं त्या काळी म्हणत. सम्राट आले, निवृत्त सम्राट गो-शिराकावा तर तीसहून अधिक वेळा आला. आंधळे, आजारी, बायका, भिकारी आले. माणसांच्या या रांगांना जपानी लोक मुंग्यांची यात्रा म्हणायचे. इतिहासात हे असं लिहिलेलं वाचणं वेगळं आणि त्या रांगेच्या वाटेवर आपली आई बसलेली असताना ऐकणं वेगळं.

होंगूचं आजचं देऊळ टेकडीवर आहे, 158 पायऱ्या. मूळ जागा खाली नदीच्या संगमावर, ओयुनोहारा. 1889 च्या ऑगस्टमध्ये आलेल्या पुरानं ती वाहून नेली. जे वाचलं ते 1891 मध्ये वर उभारलं. जुन्या जागेवर आज भातशेतांच्या मधोमध 33.9 मीटर उंचीचं पोलादी तोरी, म्हणजे देवळाची कमान, उभं आहे आणि त्याच्या आत फक्त मोकळं मैदान, झाडं आणि दोन छोट्या दगडी देवळ्या. मला टेकडीवरच्या देवळापेक्षा ही रिकामी जागा जास्त भावली. आईनं मात्र वर जाऊन वहीत गोशुइन घेतलं. गोशुइन म्हणजे देवळाच्या कार्यालयात आपल्या वहीत शाईच्या कुंचल्यानं नाव-तारीख लिहून वर लाल शिक्का मारून देतात. तीनशे ते पाचशे येन लागतात. लिहिणारा माणूस कसा बसतो, कुंचला कसा उचलतो, हे आई दर ठिकाणी बघत राहायची.

शिंगूला कामिकुरा देवळाच्या 538 पायऱ्या मी एकटीच चढले. पायऱ्या म्हणजे एकावर एक टाकलेले ओबडधोबड दगड, उतरताना हात टेकावे लागतात. वर एक प्रचंड खडक कड्याला टेकून उभा आहे आणि तोच देव. 6 फेब्रुवारीच्या रात्री पांढऱ्या कपड्यांतले पुरुष पेटत्या मशाली घेऊन याच पायऱ्यांवरून धावत खाली येतात. त्या रात्री बायकांना डोंगरावर जाता येत नाही. खाली आल्यावर हे आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "बघ, परत तेच."

नाचीचा धबधबा 133 मीटरचा, आणि तोही स्वतःच देव. समोर तोरी आहे, मागे गाभारा वगैरे काही नाही, सरळ पाणी. धारेच्या माथ्यावर बांधलेला पवित्र दोर वर्षातून दोनदा बदलतात. शेजारीच सेइगांतो-जी हे बौद्ध मंदिर. 1868 नंतर सरकारनं शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माची, आणि बौद्ध स्थानं एकमेकांपासून तोडली, पण इथे दोघांच्या भिंती अजून शेजारी आहेत. त्या मंदिराची आख्यायिका अशी की भारतातून समुद्रावर वाहत आलेला एक भिक्षू या धबधब्याखाली तप करत होता, त्याला पाण्यात कान्नोनची, म्हणजे अवलोकितेश्वराची, छोटी मूर्ती सापडली. खाली किनाऱ्यावर फुदाराकुसान-जी आहे. तिथले काही भिक्षू खिळे ठोकून बंद केलेल्या होडीत बसून दक्षिणेला सोडले जायचे, अवलोकितेश्वराच्या पोतलक पर्वताकडे. तो पर्वत दक्षिण भारतात असल्याचं मानलं जातं. तशा होडीची प्रतिकृती आवारात ठेवली आहे. ती पाहिल्यावर मला पुढे तासभर बोलावंसं वाटलं नाही.

परतीला 168 क्रमांकाचा रस्ता धरला, नदीच्या काठानं सरळ उत्तरेला. 2011 च्या वादळात इथले डोंगर ठिकठिकाणी खचले, त्यानंतर नवे बोगदे झालेत. त्यामुळे पाच किलोमीटर गुळगुळीत रस्ता आणि पुढे पाच किलोमीटर जुनी अरुंद वळणं असा तो आलटून पालटून येतो. तोत्सुकावा हे क्षेत्रफळानं जपानमधलं सर्वांत मोठं खेडं. 1889 च्या त्याच पुरात इथली शेती, घरं गेली आणि अडीच हजारांच्या आसपास माणसं उत्तरेच्या होक्काइदो बेटावर जाऊन वसली. तिथे आज शिन्तोत्सुकावा नावाचं गाव आहे. तानिझेचा झुलता पूल, 297 मीटर लांब आणि नदीपासून 54 मीटर उंच, गावकऱ्यांनी स्वतः पैसे घालून 1954 मध्ये बांधला. आई तो ओलांडून पलीकडे जाऊन परत आली. मी मधूनच वळले. तामाकी देवळापाशी तीन हजार वर्षांचा म्हणतात तो सुगी आहे. त्याचं वय खरं किती हे मला महत्त्वाचं वाटलं नाही, बुंधा पाहिला तेवढं पुरे होतं.

शेवटी तेनकावामार्गे दोरोगावाला गेलो. तेनकावात बेन्झाइतेनचं देऊळ आहे, आपली सरस्वती. आईनं तिथे वहीत शेवटचं गोशुइन घेतलं. दोरोगावा हे शुगेंदो, म्हणजे डोंगरांत तप करणाऱ्या पंथाच्या, तपस्व्यांचं गाव, आणि त्यापलीकडे ओमिनेचं सानजोगाताके शिखर. तिथे बायकांना आजही बंदी आहे. गावातलं र्‍युसेन-जी मंदिरसुद्धा 1960 पर्यंत बायकांना बंद होतं. गावापुढे पुलापाशी वाट सुरू होते, तिथे लाकडी कमान आहे आणि जपानी व इंग्रजीत पाटी. नवरा आत जाऊ शकत होता. तो गेला नाही.

परंपरा राखणाऱ्यांचं म्हणणं मी वाचलं आहे. हा तपाचा डोंगर आहे, तेराशे वर्षं असंच चालत आलंय, गावातल्या बायकाही हा नियम मानतात. मला ते पटत नाही. डोंगर तोच, झाडं तीच, आणि दक्षिणेला काही दिवसांच्या वाटेवर एका देवानं हजार वर्षांपूर्वीच उत्तर देऊन ठेवलंय. आपल्याकडे शनिशिंगणापूरचा चौथरा बायकांसाठी 2016 मध्ये उघडला, तेव्हाही असेच मुद्दे ऐकले होते.

आईनं पाटी वाचून घेतली. मग शेजारचा डोंगर कुठला म्हणून विचारलं. तो इनामुरागाताके, बायकांचं ओमिने म्हणतात त्याला, तिथे कुणीही जाऊ शकतं. उंची 1726 मीटर, सानजोगाताके 1719.

"म्हणजे हाच उंच," आई म्हणाली. "पुढच्या खेपेला तू चढ. मी दोरोगावाला थांबते, गरम पाणी आहेच तिथे."